मॅटवरचं मॉडेल, मातीवरची कबड्डी

१५ मार्च २०१६. भंडाऱ्याच्या शेजारचंच नागपूर, जामठ्याचं मैदान. टी-ट्वेन्टी विश्वचषकात न्यूझीलंडच्या १२६ धावांपुढे भारत ७९ वर गारद; किवी फिरकीपटू सँटनरचे ११ धावांत ४ बळी. सपाट खेळपट्ट्यांच्या आकड्यांवर शिकून अंदाज बांधणाऱ्या एआय मॉडेलला इथे चेंडू एवढा वळेल हे कुठून कळणार?

नियम बदलला तरी तेच. आयपीएलमधला बंगळूरचा सर्वोच्च धावसंख्येचा, २६३ धावांचा विक्रम २०१३ पासून टिकून होता. २०२३ ला बदली खेळाडूचा ‘इम्पॅक्ट प्लेअर’ नियम आला नि २०२४ च्या एकाच हंगामात हैदराबादने आधी २७७, मग २८७ ठोकल्या. जुन्या आकड्यांवर शिकलेलं मॉडेल इथे धावा कमीच सांगणार.

कबड्डीत तर फरक पायाखालीच असतो. प्रो कबड्डीचा डेटा मॅटवरचा, बुटांतला, अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेला. धानकापणी आटोपल्यावर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-लाखनीकडच्या गावांत सामने रंगतात ते मातीवर, बहुधा अनवाणी. चुन्याची निदान रेषा चार-दोन चढायांत पुसट होते, हॅलोजनखाली सावल्या लांबतात आणि मोबाइल धरणारा पोरगा ऐन पकडीच्या वेळी स्वतःच उडी मारतो!

उपाय आहे, पण कष्टाचा: गावातल्या चढाया हाताने नोंदवून मॉडेलला पुन्हा शिकवायचं. आणि परीक्षेसाठी एक अख्खं मैदान शिकवताना त्याच्यापासून लपवून ठेवायचं.