दारू न पिणाऱ्याचं यकृत

‘दारूचा थेंब नाही, कधी कावीळ नाही, मग लिव्हरचा कॅन्सर कसा?’ लहानपणी फाँटन शस्त्रक्रिया झालेल्यांच्या घरी हा प्रश्न पडतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यातला ‘मग’ चुकीचा आहे.

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात फ्रान्सिस फाँटन यांनी १९६८ साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. हृदयाचा एकच खालचा कप्पा नीट चालणाऱ्या मुलांमध्ये अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट फुप्फुसांकडे नेतात. मूल जगतं, शाळेत जातं, मोठं होतं. पण रक्त पुढे ढकलणारा पंप मधे नसल्याने शिरांमधला दाब कायम चढा राहतो. यकृतात रक्त तुंबतं, तंतू वाढतात, आणि अनेक वर्षांनी काहींना विशी-तिशीतच कॅन्सर होतो.

‘लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ यानेही निश्चिंत होऊ नये. यकृत बरंच कडक झालं तरी नेहमीच्या रक्ततपासणीत फारसं काही दिसत नाही. म्हणून ठरावीक अंतराने सोनोग्राफी आणि एएफपी (यकृताच्या कॅन्सरची खूण शोधणारी रक्तचाचणी) लागते.

आता उलटा गैरसमज : गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच. सिरॉसिसच्या, म्हणजे तंतूंनी यकृत कडक झालेल्या, इतर रुग्णांत स्कॅनमधल्या विशिष्ट खुणांवरून बायोप्सीशिवायही निदान होतं. इथे मात्र तुंबलेल्या यकृतातल्या साध्या गाठीही हुबेहूब तशाच दिसू शकतात. त्यामुळे उपचार ठरवण्यापूर्वी बहुतेकदा बायोप्सीच करावी लागते.

मला सर्वांत घातक वाटतो तो चौथा समज : ‘हार्ट पेशंट आहे, आता काही करता येणार नाही.’ यकृताची अवस्था मोजणारं नेहमीचं गुणांकन इथे फसवं ठरतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनमुळे आयएनआर (रक्त गोठण्याचं मोजमाप) वाढतो, हृदयामुळेही पोटात पाणी होतं, आणि रुग्ण कागदावर आहे त्याहून गंभीर दिसतो. यकृत कापताना रक्तस्राव कमी राहावा म्हणून शल्यचिकित्सक शिरांमधला दाब उतरवतात. फाँटनच्या रुग्णाचं रक्ताभिसरण त्याच दाबावर चालतं, म्हणून शस्त्रक्रिया अवघड, पण निवडक रुग्णांत ती होते. छोटी गाठ सुईने जाळता येते. काहींना गाठीच्या धमनीतून औषध देतात, काहींना रेडिएशन. अगदी मोजक्यांमध्ये हृदय आणि यकृत दोन्हींचं एकत्र प्रत्यारोपण केलं जातं.

उपचार करताना आणखी एक गोष्ट माहीत हवी : काहींच्या हृदयात फाँटन शस्त्रक्रियेवेळी मुद्दाम एक छोटं छिद्र ठेवलेलं असतं. सलाइनमधला हवेचा बुडबुडा त्यातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. कॅन्सरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे छिद्र दिसत नाही; ते लहानपणच्या फाइलमध्ये नोंदलेलं असतं.