परंड्याची पेठ आणि अर्थशास्त्राचा तास

कुंथलगिरीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या कुटुंबाच्या पिशवीत पेढ्याचा पुडा नाही, असे सहसा घडत नाही. या सिद्धक्षेत्राच्या परिसरात, भूम-परंडा भागात, खव्याच्या भट्ट्या वर्षानुवर्षे पेटत आल्या आहेत. चार-पाच लिटर दूध आटवावे, तेव्हा किलोभर खवा हाती येतो. मग दूध आहे तसेच का विकले जात नाही? कारण ते नासते, मोठे शहर दूर आहे, आणि आटवलेल्या मालाचे वजन घटल्याने भाडे परवडते. बाजारपेठेपासूनचे अंतरच कोठे काय पिकवावे व कोणत्या रूपात विकावे हे ठरवते, हा सिद्धान्त जर्मनीतील फॉन थ्युनेन यांनी १८२६ साली मांडला.

पदवीच्या वर्गात मात्र बहुधा आधी सिद्धान्त येतो, मग आलेख, आणि उदाहरण सफरचंदांचे. उधारी, वटाव, हमाली, तोलाई हे शब्द ऐकत वाढलेली व्यापारी घरातील मुलगी मागणीच्या लवचिकतेची व्याख्या पाच गुणांसाठी पाठ करते. दिवाळीत साखरेचा दर वाढला तरी खप का घटत नाही, हे तिला दुकानात बसून ठाऊक असते. ते आणि ही व्याख्या एकच, हे तिला कोणी सांगत नाही.

याचा उपाय नवा नाही. १९१५च्या अखेरीस मद्रास विद्यापीठात आलेले प्राध्यापक गिल्बर्ट स्लेटर यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन सुट्टीत आपापल्या गावी धाडले. जमीन, कर्ज, मजुरी, भाव यांच्या त्या नोंदी १९१८ साली ग्रंथरूप झाल्या, आणि त्यांतील काही गावांची पाहणी पुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा होत राहिली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा असाच अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. आज तेथे शेतांऐवजी इमारती आहेत. त्या काळचे गाव पाहायचे तर तोच ग्रंथ उघडावा लागतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीत क्षेत्रप्रकल्पास श्रेयांक दिले आहेत. ते मागील वर्षाची फाइल उतरवून मिळवण्याऐवजी परंड्याच्या विद्यार्थ्याने सोयाबीनच्या एका क्विंटलचा माग काढावा. मळणीपासून तेलगिरणीपर्यंत तो किती हातांतून गेला, ओलाव्यापोटी किती कट झाली, पैसे किती दिवसांनी मिळाले, तेवढ्या दिवसांचे व्याज कोणी सोसले? हेच आकडे शेतकऱ्याकडून आणि आडत्याकडून वेगवेगळे घ्यावेत. ते जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, यावर शिक्षकाने वर्गात तासभर चर्चा घेतली, तर बाजारातील माहितीची विषमता हे प्रकरण वेगळे शिकवावे लागणार नाही.

येथेच व्यापारी घराण्यांची खरी परीक्षा आहे. असा विद्यार्थी दुकानात येईल तेव्हा नफ्याचे विचारील, आणि उत्तर नेहमीच सोयीचे असेल असे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. लक्ष्य झालेल्या सावकारांत गुजराती-मारवाडी घरे पुष्कळ होती, आणि रोष मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. अमेरिकेतील यादवी संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव, वाढलेला शेतसारा, आटलेली पत अशी अनेक कारणे चौकशी आयोगापुढे आली. यांत सावकाराचा दोष किती व परिस्थितीचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. तो टाळून अर्थशास्त्र शिकवणे म्हणजे समाजाच्या मुलांना त्यांच्याच पूर्वजांपासून लपवणे होय.

अनेक पेढ्यांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या आहेत. दरवर्षी वहीपूजनाला नवी येते आणि जुनी वर जाते. त्यांत ज्वारी, तूर, गूळ यांचे रोजचे भाव, व्याजाचे दर, दुष्काळी वर्षांची थकबाकी असे सारे उतरलेले असते. ग्राहकांची नावे झाकून यांतील दहा वर्षांची पाने महाविद्यालयाच्या हाती दिली, तर चलनवाढ, हंगामी चढउतार आणि पतपुरवठा हे तीन घटक परंड्याच्याच आकड्यांवर शिकवता येतील. मोडी वाचणारे वृद्ध काही घरांत अजून आहेत, तोवर हे काम सोपे आहे.