आधारघटकांचे नवीकरण, वेब सर्व्हरमधील

वेब सर्व्हरवर चालणारे सॉफ्टवेअर ज्या तयार व बहुधा इतरांनी लिहिलेल्या आज्ञावलींवर विसंबून असते, त्यांत सुरक्षादोष उघडकीस आल्यावर सदोष आवृत्ती काढून तिच्या जागी दुरुस्त आवृत्ती बसविण्याची क्रिया. ज्या आज्ञावलींचा असा आधार घेतला जातो त्यांना येथे आधारघटक म्हटले आहे. व्यवहारात ‘डिपेंडन्सी’ हाच शब्द रूढ असून नवीकरणास ‘अपडेट’ किंवा ‘अपग्रेड’ आणि केवळ दोष झाकणाऱ्या लहान दुरुस्तीस ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, असे म्हणतात. वरवर पाहता हे काम एखाद्या यादीतील आवृत्तिक्रमांक बदलण्याइतके किरकोळ दिसते. तथापि ते वेळेवर न झाल्यामुळे कोट्यवधी लोकांची खासगी माहिती चोरीस गेल्याचे २०१७ मध्ये दिसून आले.

आधारघटकांची साखळी : छत्रपती संभाजीनगर शहराच्या गारखेडा भागातील एखाद्या ग्राहकाने मोबाइलवरून एखादे बिल भरावयास घेतले, तर त्याची मागणी सर्व्हरवर अनेक घटकांच्या हातून पुढे सरकते. वाटेत ती कोणास वाचता येऊ नये म्हणून तिला कूटरूप देण्याचे काम ओपनएसएसएलसारखा घटक करतो. ती स्वीकारण्याचे काम अपाची किंवा एन्जिनएक्स यांसारख्या सर्व्हरचे असते. आलेली माहिती सुटी करून योग्य त्या आज्ञावलीकडे सोपविण्याचे काम स्ट्रट्ससारखी चौकट करते आणि कोणी, केव्हा, काय मागितले यांची नोंदवही लॉगफोरजेसारखा घटक ठेवतो. सेवा पुरविणाऱ्या संस्थेच्या प्रोग्रॅमरांनी यांपैकी बहुधा काहीच लिहिलेले नसते. त्यांचा स्वतःचा भाग या सर्वांवर चढविलेल्या शेवटच्या मजल्यासारखा असतो. शिवाय प्रत्येक घटक पुन्हा अन्य घटकांवर विसंबून असल्याने दहा-वीस नावांच्या यादीमागून शेकडो घटक सर्व्हरवर येऊन बसतात. लग्नघरी पाहुण्यांबरोबर त्यांचेही पाहुणे यावेत, तसाच हा प्रकार असून यजमानास त्यांतील बहुतेकांची नावेही ठाऊक नसतात. नवीकरणातील खरी अडचण येथूनच सुरू होते.

वर उल्लेखिलेल्या घटकांपैकी तिघांत गंभीर दोष सापडले. त्यांचा वृत्तांत उद्बोधक आहे.

ओपनएसएसएलमधील ‘हार्टब्लीड’ दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला. जोडणी चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याकडे थोडासा मजकूर व त्याची लांबी पाठवितो आणि तोच मजकूर परत मागतो. सांगितलेली लांबी खरी आहे किंवा नाही हे ओपनएसएसएल तपासत नसे. त्यामुळे चार अक्षरे पाठवून हजारो अक्षरांची मागणी केल्यास सर्व्हर आपल्या स्मृतीतील शेजारचा मजकूर, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, बिनदिक्कत देऊन टाकी. त्यात परवलीचे शब्द व प्रसंगी कूटरूप उलगडण्याची गुप्त किल्लीही असे. हा दोष मार्च २०१२ मधील १.०.१ या आवृत्तीपासून शिरलेला होता. ज्यांनी त्याआधीच्या मालिकेतील आवृत्ती बदललीच नव्हती ते यातून सुटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुरुस्त आवृत्ती, १.०.१जी, त्याच दिवशी मिळाली. परंतु केवळ ती बसवून काम संपत नव्हते. कुलूप दुरुस्त केले तरी किल्लीची नक्कल चोराकडे राहिलेली असू शकते. म्हणून गुप्त किल्ल्या व प्रमाणपत्रे नव्याने घेणे, जुनी रद्द करणे आणि वापरणाऱ्यांना परवलीचे शब्द बदलावयास सांगणे आवश्यक होते. अनेक ठिकाणी पहिली पायरी झाली व पुढच्या राहून गेल्या.

अपाची स्ट्रट्स या जावा भाषेतील चौकटीतील दोष ७ मार्च २०१७ रोजी दुरुस्तीसह जाहीर झाला. इक्विफॅक्स या पतविषयक माहिती ठेवणाऱ्या अमेरिकन कंपनीस दुसऱ्याच दिवशी शासकीय यंत्रणेकडून सूचना मिळाली आणि ९ मार्चला कंपनीने ती अंतर्गत रीत्या कळविली. अशी दुरुस्ती ४८ तासांत करावी असा कंपनीचा नियमही होता. परंतु ज्यांना कळवावयाचे त्यांची यादी जुनी झालेली होती आणि १५ मार्चच्या तपासणीत सदोष घटक आढळलाच नाही. तो ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका जुन्या सेवेत होता. १३ मेपासून हल्लेखोर त्या वाटेने माहिती नेऊ लागले. जाणारी-येणारी माहिती तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र मुदत संपून निकामी झाले होते. ते २९ जुलैला बदलल्यावरच चोरी उघड झाली. सु. १४ कोटी ७० लक्ष लोकांची नावे, जन्मतारखा, पत्ते व सामाजिक सुरक्षा क्रमांक गेले. २०१९ मधील तडजोडीनुसार कंपनीस किमान ५७.५ कोटी डॉलर द्यावे लागले. येथे दुरुस्ती उपलब्ध होती, सूचना मिळाली होती व नियमही होता. आपल्याजवळ काय आहे हेच ठाऊक नव्हते.

तिसरा दोष लॉगफोरजेमधील होय. नोंदवहीत लिहिण्यासाठी दिलेला मजकूर विशिष्ट स्वरूपाचा असल्यास हा घटक त्यास आज्ञा समजून परक्या संगणकाशी संपर्क साधी व तेथून आणलेली आज्ञावली चालवी. हल्लेखोरास लॉगिनच्या चौकटीत एक ओळ लिहिणे पुरेसे होते. अलिबाबा या चिनी कंपनीच्या सुरक्षा पथकाकडून २४ नोव्हेंबर २०२१ रोजी हा दोष अपाची प्रतिष्ठानास कळला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो सर्वतोमुखी झाला. दहापैकी दहा एवढी त्याची तीव्रता ठरविण्यात आली. २.१५.० ही पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने महिना संपण्यापूर्वी २.१६.०, २.१७.० व २.१७.१ या आवृत्त्या काढाव्या लागल्या. अनेकांनी एका महिन्यात तेच काम चार वेळा केले. घटक सांभाळणारी मंडळी मुख्यतः स्वयंसेवक होती, हे त्यांच्यावर रोष धरणाऱ्यांनी ध्यानात घेतले नाही.

कार्यपद्धती : प्रथम सदोष घटक कोठे कोठे आहे ते शोधतात; तो दुसऱ्या घटकाच्या पोटात बांधलेला असल्यास नावावरून सापडत नाही. आवृत्तिक्रमांकाचे बहुधा तीन भाग असतात. शेवटचा भाग वाढल्यास केवळ दुरुस्ती, मधला वाढल्यास नवी सोय आणि पहिला वाढल्यास जुन्याशी न जुळणारा बदल, असा संकेत आहे; तो सर्वजण पाळतातच असे नाही. उलट डेबियन व रेड हॅट यांसारख्या लिनक्स वितरणांत मूळ क्रमांक तसाच ठेवून आतील दोष तेवढा दुरुस्त करण्याची प्रथा असल्याने क्रमांकावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. नवी आवृत्ती सर्व्हरच्या प्रतिकृतीवर चालवून पाहिल्यावर आणि परतीची वाट मोकळी ठेवून मुख्य सर्व्हरवर बसवितात. चालू असलेली आज्ञावली जुना घटक स्मृतीत धरून ठेवते. त्यामुळे फाइल बदलूनही सेवा पुन्हा सुरू केली नाही, तर दोष तसाच राहतो. ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. दीर्घकाळ नवीकरण टाळल्यास अडचण साठत जाते. लॉगफोरजेच्या पहिल्या मालिकेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये थांबली. ती वापरणाऱ्यांना पुढे नुसते ठिगळ मिळणे शक्य नव्हते.

घटकांची सूची : वाळूज किंवा चिकलठाणा येथील वाहन-उद्योगास सुट्या भागांची नोंद नवी नाही. कोणत्या वाहनात कोणत्या पुरवठादाराचा कोणत्या खेपेचा भाग बसला हे लिहिलेले असले, म्हणजे सदोष खेपेची वाहने तेवढी परत बोलाविता येतात. सॉफ्टवेअरसाठी अशीच सूची ठेवण्याचा विचार लॉगफोरजे प्रकरणानंतर बळावला. मुंबईस्थित सेबीने ऑगस्ट २०२४ मधील सायबर सुरक्षाविषयक चौकटीत ती समाविष्ट केली आणि सर्ट-इन या केंद्र शासनाच्या यंत्रणेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००४ पासून कार्यरत असलेली ही यंत्रणा दोषांच्या सूचनाही प्रसृत करते. तिच्या २०२२ च्या निर्देशांनुसार निर्देशित प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळविणे बंधनकारक आहे.

नवीकरणातील धोके : नवीकरणाची वाट हल्लेखोरासही उपयोगी पडते. याची झळ महाराष्ट्रास जून २०१७ मध्ये पोहोचली. प्रकरण वेब सर्व्हरचे नसून विंडोज संगणकांचे असले, तरी तत्त्व तेच आहे. ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधील एम. ई. डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधूनच २७ जूनला बाहेर पडला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका कंटेनर टर्मिनलपर्यंत आला. तेथील संगणकीकृत कामकाज बंद पडून कंटेनरांची चढउतार विस्कळीत झाली. तो पसरला तो अंशतः विंडोजमधील अशा एका दोषातून, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. म्हणजे आत शिरताना त्याला नवीकरण उपयोगी पडले आणि पसरताना नवीकरणाचा अभाव. परवलीचे शब्द चोरण्याची सोय त्यात असल्याने दुरुस्त केलेले संगणकही सर्वस्वी सुरक्षित नव्हते.

मार्च २०२४ मधील प्रकार अधिक सूक्ष्म होता. माहितीचे संक्षेपन करणाऱ्या एक्सझेड युटिल्स या घटकाच्या देखभालीत एका व्यक्तीने दीर्घकाळ विश्वास संपादन करून ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दूरस्थ प्रवेशाचा चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या यंत्रावर लॉगिन होण्यास सु. अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले आणि कारण शोधताना २९ मार्चला हे प्रकरण बाहेर आले. तोवर या आवृत्त्या मुख्यतः लिनक्स वितरणांच्या चाचणीसाठीच्या शाखांत पोहोचल्या होत्या. त्यांच्यासाठी सुचविलेला उपाय ५.४ मालिकेतील जुन्या आवृत्तीकडे परत जाण्याचा होता.