ठिणगी आधी का पडते?

पोरांनो, आग किती वेगानं धावते, असं मी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? पेट्रोलला काडी लावली की भप्पकन पेटतं, हे तुम्ही पाहिलंय. तुम्हाला वाटतं आगीइतकं चपळ काही नसेल. पण शेडमधलं ते जुनं फवारणीचं इंजिन आहे ना, पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर टाकायचं, त्याच्या पोटात आगीचीच धावताना दमछाक होते. पिस्टन तिच्या पुढे पळतो. आज तीच गोष्ट सांगतो. टायमिंग बांधणं म्हणजे काय, ते ती ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

आधी पिस्टनची चाल बघू. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेतंय असं धरा. म्हणजे सेकंदाला 50. एका फेऱ्यात 360 अंश, तेव्हा सेकंदाला 18,000 अंश झाले. चाक एक अंश सरकायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो.

आता आगीची चाल. पेट्रोलची वाफ आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून अगदी शांत ठेवली आणि एका टोकाला पेटवली, तर ज्वाला ताज्या मिश्रणात सेकंदाला साधारण 40 सेंटीमीटर शिरते. तुम्ही रमतगमत शाळेत जाता, त्याहूनही मंद! मागचा जळलेला वायू फुगतो आणि तिला पुढे रेटतो, म्हणून बंद जागेत ती याच्या काही पट पळते. पण तेवढ्यानं भागत नाही. प्लगपासून सिलिंडरच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत सहा-सात सेंटीमीटर जाईतो चाकाचा जवळजवळ एक अख्खा फेरा उलटून जाईल. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागेल, आणि आग अजून वाटेतच.

मग इंजिन चालतं कसं, आबा? बरोबर, हेच विचारायला हवं.

उन्हाळ्यात सप्तशृंग गडाच्या बाजूच्या डोंगरांवर वणवा लागतो, तो तुम्ही इथून वणीतून रात्री पाहता. वारा पडलेला असला की आगीची रेघ सरळ असते आणि सावकाश सरकते. वारा सुटला की ती रेघ मोडते, तिला जिभा फुटतात, वळणं पडतात. रेघ जितकी वेडीवाकडी तितकी तिची कड लांब, आणि कड जितकी लांब तितकं जास्त गवत एका वेळी पेटतं. सिलिंडरमध्ये नेमकं हेच घडतं. व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून हवा आत घुसते तेव्हा तिच्यात असंख्य भोवरे उठतात. त्या भोवऱ्यांत ज्वालेची कड चुरगळते, तिचा पसारा कितीतरी वाढतो आणि ती सेकंदाला दहा-वीस मीटर पळू लागते.

आणि खरं नवल तर पुढेच आहे. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी हवा जोरात आत ओढली जाते, भोवरे तितके तीव्र होतात आणि आग तितकीच वेगानं धावते. चाकानं वेग दुप्पट केला की आगही जवळपास दुप्पट पळते. हे कुणी कारखान्यात बसून घडवलेलं नाही. वायूचा स्वभावच तसा आहे. तो तसा नसता तर मिनिटाला काहीशे फेऱ्यांपलीकडे कुठलंच पेट्रोल इंजिन गेलं नसतं. मोटारसायकल नाही, विमान नाही. इतकी वर्षं इंजिनं उघडतोय, पण या गोष्टीचं मला वाटणारं अप्रूप कमी झालेलं नाही.

एक अडचण मात्र उरतेच. ठिणगी पडल्यावर पहिल्यांदा जन्मतो तो आगीचा इवलासा गोळा. तो भोवऱ्यांपेक्षाही लहान असतो, त्यामुळे भोवरे त्याला चुरगळू शकत नाहीत, नुसते इकडेतिकडे वाहून नेतात. थोडा मोठा होईपर्यंत तो आपल्या संथ चालीनंच वाढतो. या बाळपणाला काही वेळ लागतोच आणि चाक त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून ठिणगी आधी पाडावी लागते, पिस्टन वर पोचायच्याही आधी.

किती आधी? पिस्टन अगदी टोकाला असतो तेव्हा कनेक्टिंग रॉड आणि क्रँक एका रेषेत असतात. त्या क्षणी कितीही दाब दिला तरी तो बेअरिंगवर जातो, चाक फिरत नाही. दाबाचा कळस टोक ओलांडून 15 अंशांच्या आसपास यायला हवा. तिथे रॉडला क्रँक ढकलायला कोन मिळतो. तेवढ्यात आग पसरायची, तर ठिणगी टोकाच्या सुमारे 20 अंश आधी हवी. अमेरिकेत घराभोवतालच्या बागेत चालवायचे छोटे ट्रॅक्टर असत. त्यांतल्या कोहलर कंपनीच्या जुन्या के-मालिकेच्या इंजिनांत चाकावर दोन अक्षरं कोरलेली सापडतात, टी आणि एस. टी म्हणजे पिस्टन टोकाला. एस म्हणजे ठिणगीची जागा, त्याच्या 20 अंश आधी. मोटारीचा वेग सारखा बदलतो, म्हणून तिच्यात ठिणगी मागेपुढे करायला वजनं आणि स्प्रिंगा असत. आपल्या इंजिनाचा वेग गव्हर्नर एका जागी धरून ठेवतो, त्यामुळे एका खुणेवर भागतं.

सुरुवातीला माणसाला ही नेमकी वेळ साधत नव्हती. जर्मनीत निकोलाउस ऑटोनं 1876 मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवलं, त्यात ठिणगीच नव्हती. एका सरकत्या झडपेतून पेटती ज्योत आत दाखवली जायची, आणि ते मिनिटाला दोनशेच्या आतच फेरे घ्यायचं. नंतर तापवलेल्या नळीनं पेटवू लागले, पण नळीला वेळ सांगता येत नाही. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यानं 1897 मध्ये फ्रान्सच्या एका तीनचाकी गाडीच्या जलद इंजिनावर ठिणगीची वीज देणारा मॅग्नेटो बसवून दाखवला, आणि 1902 मध्ये त्याच्याच गॉटलोब होनोल्डनं जास्त व्होल्टचा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा स्पार्क प्लग तयार केला. तारेच्या वेटोळ्यातला प्रवाह पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेली धातूची दोन तोंडं, उघडून तोडायचा, की चुंबकत्व एकदम कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवलेला नियमच तो. लक्षात घ्या, ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. टायमिंगचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे.

आता हाताचं काम. पहिल्यांदा स्विच बंद करायचा आणि प्लग काढायचा. भोकावर अंगठा धरून चाक हातानं त्याच्या चालीच्या दिशेनं फिरवायचं. अंगठा आतून ढकलला गेला की कॉम्प्रेशनचा फेरा. मग भोकातून सरळ काडी सोडून पिस्टनचं टोक शोधायचं. इथे पुष्कळ जण फसतात, कारण टोकाजवळ चाक बरंच सरकलं तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही. त्यावर तोडगा आहे. पिस्टन टोकाच्या थोडा खाली असताना काडीवर भोकाच्या कडेशी एक खूण करा. पिस्टन वर जाताना ती खूण भोकाच्या कडेला आली की इंजिनाच्या अंगावरच्या एका ठरलेल्या खुणेसमोर चाकावर एक रेघ, खाली येताना पुन्हा आली की दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरं टोक. चाकाचा परीघ 72 सेंटीमीटर असेल तर 20 अंश म्हणजे 4 सेंटीमीटर. अर्थात, इंजिनाच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

ठिणगीची खूण सापडली की चाक तिच्या बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणायचं, म्हणजे गिअरमधली ढिलाई निघून जाते. पॉइंटमध्ये सिगारेटच्या कागदाची पट्टी धरून हलकेच ओढत राहा. खूण जुळते त्याच क्षणी कागद सुटला पाहिजे. पॉइंटची पूर्ण उघडलेली फट अशा छोट्या इंजिनांत बहुधा 0.4 ते 0.5 मिलिमीटर असते. फट वाढवली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. कमी केली की उशिरा.

ठिणगी फार लवकर पडली तर दाब पिस्टनला वर येतानाच अडवतो. दोरी ओढताना इंजिन उलट झटका देतं, मनगट मोडू शकतं. म्हणून तुमच्या हातात दोरी मी अजून देत नाही. दुसरा धोका ठोकण्याचा. आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं आणि हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. रॉकेल तर फारच लवकर ठोकतं, त्यासाठी रॉकेलच्या इंजिनाचं कॉम्प्रेशनच कमी ठेवलेलं असतं. हे ठोकणं थांबवायला अमेरिकेत थॉमस मिज्लीनं 1921 मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. ते विष जगभरच्या मुलांच्या रक्तात गेलं. आपल्या देशात 2000 साली बंद झालं. ठिणगीचं आणि इंधनाचं जमत नव्हतं, त्याची एवढी मोठी किंमत मोजणं मला कधीच पटलेलं नाही. ठिणगी उशिरा पडली तर मात्र आवाज होत नाही. आग पिस्टनच्या मागे धावत राहते, ताकद सायलेन्सरमधून निघून जाते आणि इंजिन तापतं.

फवारणीचा ब्लोअर ओढणाऱ्या आपल्या ट्रॅक्टरला प्लगच नाही, तो डिझेलचा. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती 500 अंशांच्या वर तापते आणि नॉझलमधून आलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण थेंबांची वाफ व्हायला आणि ती पेटायला वेळ लागतोच, म्हणून डिझेलसुद्धा पिस्टन टोकाला पोचायच्या आधीच सोडावं लागतं. नाशिकच्या सातपूरला बॉशचा कारखाना आहे, आपण अजून त्याला मायको म्हणतो, तिथे हेच इंजेक्टर आणि नॉझल बनतात. ज्या नावानं ठिणगीला वेळ शिकवली, त्याच नावाच्या कारखान्यात आपल्या जिल्ह्यातली माणसं डिझेलची फवार घडवतात.

एकदा बांधलेलं टायमिंग कायमचं राहत नाही. पॉइंटच्या हाताला फायबरची टाच असते. ती घासून झिजते, फट बारीक होते आणि ठिणगी हळूहळू मागे पडते. इंजिन बंद पडत नाही, म्हणून कळतही नाही. फवारणीच्या गनची फवार तेवढी आखूड होत जाते. त्यामुळे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी, नव्या फुटीवर डाऊनी रोगाची फवारणी सुरू व्हायच्या आत, फटीत फिलर गेज घालून बघायचं, पॉइंटची तोंडं पुसायची, टाचेला किंचित ग्रीस लावायचं. यंदा चाक तुम्ही फिरवा, कागद मी धरतो.