काळी मेंदी नावाची मेंदी नसते

ईद आठ दिवसांवर आली की साताऱ्याच्या मोती चौकापासून मिरजेच्या लक्ष्मी मार्केटपर्यंत एक मागणी हमखास ऐकू येते, "भाई, काली मेंदी है क्या?" दुकानदार पाकीट काढून देतो आणि घेणारी ते समाधानाने पिशवीत टाकते. तिचा हिशोब साधा असतो. डाय नको, कारण त्यात केमिकल असतं, शिवाय मौलाना काळ्या रंगाला मना करतात. मेंदी मात्र सुन्नत. मग काळी मेंदी घेतली की तब्येतही सांभाळली आणि दीनही.

खरं तर यातलं एकही सांभाळलं जात नाही. आणि हे आमच्या घरात आम्ही चांगलंच पोळून शिकलो.

माझी फुफी मिरजेत राहते. फुफाजी गेले तेव्हा तिचं वय सत्तावन्न. चार महिने दहा दिवसांच्या इद्दतीत तिने डोक्याला काही लावलं नाही, आणि इद्दत संपली तेव्हा कानशिलापासून भांगापर्यंत सगळं पांढरं. पंधरा दिवसांनी नातीचं लग्न. सुना म्हणाल्या, रंगवूया. शेजारच्या एक-दोघी दबक्या आवाजात म्हणाल्या, "अब किसके वास्ते?" फुफीने दोघींचं ऐकून घेतलं आणि काळ्या मेंदीचं पाकीट आणवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. कानामागून पाणी वाहत होतं, कपाळावर पुरळ. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, डाय लावला होता का? ती ठामपणे म्हणाली, नाही, मेंदी लावली. डॉक्टरांनी पाकीट मागवलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

तो शब्द होता पॅरा-फिनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी. बाजारातल्या बहुतेक काळ्या डायमध्ये हेच रसायन असतं.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसाच्या आणि त्वचेच्या प्रथिनाला चिकटतं आणि तांबूस-नारिंगी रंग देतं. त्यापलीकडे काही देत नाही. लोखंडी कढईत भिजवा, चहाचं पाणी घाला, कात घाला, रात्रभर ठेवा. रंग गडद होईल, तपकिरीकडे झुकेल, पण काळा होणार नाही. राजस्थानातल्या सोजतची असो की कुठल्या अंगणातली, काळ्या रंगाची मेंदी कुठेच उगवत नाही. त्यामुळे जी 'मेंदी' अर्ध्या तासात पांढरे केस कुळकुळीत काळे करते, तिच्यात काम मेंदी करत नसते. मेंदीची पूड तिथे नावापुरती असते.

पीपीडी सगळ्यांनाच सोसत नाही असं नाही. लाखो लोक वर्षानुवर्षे वापरतात आणि त्यांना काही होत नाही. अडचण अशी की त्याची ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असं नसतं. दहा वेळा लावून काही झालं नाही म्हणून अकराव्या वेळी होणार नाही, असा भरवसा देता येत नाही. शरीराने एकदा या रसायनाला शत्रू मानलं की ते सहसा आयुष्यभर विसरत नाही. फुफीने तरुणपणी चार-दोनदा डाय लावला होता, हे तिला नंतर आठवलं. आणखी एक गोष्ट: 'अमोनिया नाही' असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते खरंही असेल. पण अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असा अर्थ होत नाही. 'हर्बल' या शब्दाचंही तसंच.

आता दीनचं. पांढऱ्या केसांना रंग लावणं इस्लाममध्ये फक्त जायज नाही तर पसंत केलेलं आहे. सहीह बुखारी आणि मुस्लिममध्ये प्रेषित (स.) यांची सूचना आहे की यहुदी आणि ईसाई केस रंगवत नाहीत, तुम्ही त्यांच्याहून वेगळं करा. मक्का विजयाच्या वेळी, म्हणजे हिजरी ८ मध्ये, हजरत अबू बकर (रजि.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना आणलं गेलं. त्यांचं डोकं आणि दाढी पांढरीशुभ्र होती. हा रंग बदला, पण काळा टाळा, असा हुकूम तेव्हा झाला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. काळ्या रंगाच्या मनाईची सगळी चर्चा मुख्यतः इथून सुरू होते.

यावर उलेमांचे मतभेद आहेत, आणि ते लपवून ठेवण्याचं कारण नाही. आपल्या सातारा-सांगलीत बहुसंख्य घरं हनफी. हनफी फिकहमध्ये शुद्ध काळा रंग सर्वसाधारणपणे मकरूह धरला जातो, तोही हरामच्या जवळचा मकरूह. जिहादच्या मैदानात शत्रूवर वचक बसावा म्हणून मात्र परवानगी दिली गेली. त्याच हनफी परंपरेतले इमाम अबू यूसुफ यांचं मत मात्र सौम्य होतं. बायकोने आपल्यासाठी सजावं असं नवऱ्याला वाटतं, तसं तिलाही नवऱ्याबद्दल वाटतं, असा त्यांचा युक्तिवाद. कोकणात शाफई घरं जास्त आहेत, तिथे इमाम नववी यांचा फैसला अधिक कडक: काळा हराम. उलट बाजूला हजरत हसन आणि हुसैन (रजि.) काळा रंग लावत, अशाही रिवायती आहेत. इमाम जुहरी यांच्याबद्दल सांगितलं जातं की चेहरा तरुण होता तोवर ते काळा लावत आणि चेहरा व दात उतरले तेव्हा त्यांनी तो सोडला. या शेवटच्या गोष्टीत मला फार शहाणपण दिसतं.

मनाईमागे फसवणुकीचं कारण अनेकांनी सांगितलं आहे, आणि ते आजही लागू आहे. पंचेचाळीसचा माणूस दाढी काळी करून पस्तीसचा म्हणून स्थळ बघायला जातो, तेव्हा प्रश्न रंगाचा उरत नाही. मुलीकडच्यांना खोटं सांगितलं जातंय. मुलींच्या बाबतीतही हेच. पण पंचविशीच्या आत केस पिकलेल्या पोराने किंवा पोरीने रंग लावला तर त्यात वय लपवणं कुठे आलं? त्यांच्याबाबत काही उलेमा नरमाईने घेतात. आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना नेमकी परिस्थिती सांगून विचारावं. "काळा चालतो का?" एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मिळतं.

मग काळ्या-तपकिरीच्या मधला मार्ग कोणता? तो सहाबांनीच दाखवून ठेवलाय. हजरत अबू बकर (रजि.) मेंदीत कतम मिसळून लावत. कतम ही येमेनकडची वनस्पती, तिचा रंग गडद. दोन्ही मिळून काळपट-लाल छटा येते. हजरत उमर (रजि.) नुसती मेंदी लावत. आपल्याकडे कतम सहसा मिळत नाही, पण नीळीच्या पानांची पूड मिळते आणि तिच्याने जवळपास तसाच परिणाम साधतो. कपड्यांना घालायची नीळ मात्र नव्हे, ही चूक करणारे लोक आहेत. आधी नुसती मेंदी दोन-तीन तास ठेवून धुवायची, मग नीळीची पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत लावायची आणि तासभर ठेवायची. तपकिरी रंग येतो. जास्त वेळ ठेवली किंवा पुन्हा पुन्हा लावली तर काळ्याजवळ जातो, आणि मग वरचा मसला परत समोर येतो. यात कटकट आहे, चादरी खराब होतात, दुपार जाते. पण पापण्या सुजत नाहीत. अर्थात वनस्पतीचीही क्वचित कुणाला ॲलर्जी असते. म्हणून मेंदी असो, नीळ असो की डाय, थोडंसं कालवून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबायचं. ईदच्या आदल्या रात्री नवीन पाकीट उघडायचं नाही. खाज आली, लाल झालं, तर ते पाकीट कचऱ्यात.

पाकीट ओळखायची एक सोपी खूण. शुद्ध मेंदी तळहातावर आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. वीस मिनिटांत काळा डाग पडला तर ती मेंदी नाही. लग्नात नवरीच्या हातावर लावतात त्या काळ्या कोनांनाही हेच लागू. केसांपेक्षा त्वचेवर थेट पीपीडी लागणं जास्त वाईट.

वुजूचं नेहमी विचारलं जातं. मेंदीचा किंवा डायचा रंग उरला तर वुजू आणि गुस्ल होतो, कारण रंग पाणी अडवत नाही. ओला किंवा वाळलेला थर डोक्यावर असेल तर मात्र मसहचं पाणी केसापर्यंत जात नाही. जोहरनंतर मेंदी लावून बसलात तर असरच्या आधी धुवायच्या हिशोबाने बसा. रोज्यात डोक्याला मेंदी लावल्याने रोजा तुटत नाही. एहराममध्ये मात्र लावू नये, हनफी फिकह मेंदीला खुशबूत धरतं.

हजचा विषय निघालाच म्हणून सांगतो. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी हाजीसाहेब असे आहेत, ज्यांचा डाय हजलाच सुटला. तिथे डोकं मुंडवलं, परत आले तेव्हा उगवलेले केस पांढरे होते आणि मग कुणी पुन्हा रंगवायच्या भानगडीत पडलं नाही. बायकांच्या बाबतीत हे काम २०२० च्या लॉकडाऊनने केलं. त्या वर्षी रमजान आणि ईद दोन्ही घरातच झाल्या, पार्लर बंद होती आणि अनेकींनी स्वतःचे खरे केस वीस वर्षांनी पाहिले. कुणी लगेच पुन्हा रंगवले, कुणी तसेच ठेवले.

तसेच ठेवण्यालाही दीनमध्ये जागा आहे. पांढरे केस उपटू नका, ते मोमिनचं नूर आहेत, या अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. खुद्द प्रेषित (स.) यांच्या डोक्यात आणि दाढीत मिळून वीससुद्धा पांढरे केस नव्हते, असं हजरत अनस (रजि.) सांगतात. सहाबांपैकी काहींनी रंग लावला, काहींनी केस पांढरेच ठेवले, आणि कुणी कुणाला त्यावरून टोकल्याचं दिसत नाही. आपल्याकडे मात्र टोकतात, आणि सगळ्यात जास्त विधवेला. इद्दतीत मेंदी, सुरमा, खुशबू, दागिने टाळायचे हे खरं. पण त्याला मुदत आहे. सूरह बकराच्या २३४ व्या आयतीत चार महिने दहा दिवस सांगितलेत. त्याच आयतीत पुढे हेही आहे की मुदत संपल्यावर तिने स्वतःबाबत रीतीला धरून जे काही केलं, त्याचा गुनाह तुमच्यावर नाही. म्हणजे शरीअतने जिथे रेघ ओढली, ती ओलांडून विधवेला जन्मभर बिनरंगी ठेवण्याचा रिवाज आपण आजूबाजूच्या समाजातून उचललाय. "अब किसके वास्ते" हा सवाल त्या रिवाजाचा आहे.

केस पांढरे होतात कसे, तेही थोडक्यात. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, वयानुसार त्या कमी होतात. कधी कमी होतील हे बरंचसं आईवडिलांकडून येतं. पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर आपल्याकडे ते अकाली मानतात. अशा वेळी रंगाच्या आधी रक्त तपासावं: बी-१२, थायरॉइड, लोह. "आम्ही मटण खातो, आम्हाला बी-१२ कसं कमी पडेल?" असं म्हणणारे भेटतात. खाल्लेलं अंगी लागलं पाहिजे ना. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपल्या घरोघरी ती गोळी आहे. सिगारेटचाही अकाली पांढऱ्या केसांशी संबंध दिसून आलाय. एक केस उपटला की दहा येतात, ही मात्र नुसती अफवा. जिथला उपटला तिथेच एक येतो, तोही पांढरा.

कॅन्सरची भीती बरेच जण बोलून दाखवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने यावर २०१० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. घरी स्वतःच्या केसांना रंग लावणाऱ्यांबाबत ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असं त्यात आहे. सलूनमध्ये दिवसभर हेच काम करणाऱ्यांसाठी मात्र 'बहुधा धोकादायक' असा शेरा आहे. सांगलीत, कराडात, साताऱ्यात सलून चालवणारी आपली पोरं उघड्या हाताने डाय कालवताना दिसतात. त्यांना हातमोजे घालायला कुणीतरी सांगायला हवं. मोजे महाग नाहीत.

फुफीच्या पापण्या आठवड्यात उतरल्या. नातीच्या निकाहला ती पांढऱ्या केसांनीच गेली, कारण दुसरा इलाज नव्हता. त्यानंतर वर्षभराने तिने नुसती मेंदी लावायला सुरुवात केली, महिन्यातून एकदा, कानामागे आधी तपासून. आता तिचं डोकं केशरी दिसतं. शेजारच्या त्या दोघींपैकी एकीने परवा तिला विचारलं, मेंदी कुठल्या दुकानातून आणतेस म्हणून.