जंगलर : वाट नसलेला पाचवा गडी

इंग्रजी भाषेने भारतीय भाषांकडून जे शब्द घेतले त्यांत 'जंगल' हा एक होय. संस्कृतातील 'जांगल' या शब्दाचा मूळ अर्थ दाट अरण्य असा नव्हता. कोरडा, विरळ झाडीचा मुलूख असा तो होता. पुढे लोकभाषांतून फिरता फिरता त्याला रानाचा अर्थ आला आणि इंग्रजांनी तो त्याच अर्थाने उचलला. याच शब्दापासून एकविसाव्या शतकात 'जंगलर' असे एक नवे नाम तयार झाले. जंगलर हा शिकारी नव्हे आणि वनरक्षकही नव्हे. संगणकावर संघासंघांनी खेळावयाच्या एका युद्धखेळातील ती एक भूमिका आहे. या खेळात प्रत्येक संघाचे पाच गडी असतात. त्यांपैकी चौघांना उभे राहण्यास ठरलेली जागा असते, पाचव्याला मात्र ती नसते. या पाचव्याचे काम कोणते, ते कठीण का, आणि पराभवानंतर पहिले बोट बहुधा त्याच्याकडेच का वळते, हे समजून घेतले म्हणजे या खेळाचे मर्म हाती येते.

खेळाची मांडणी

या खेळप्रकाराचा उगम 'वॉरक्राफ्ट ३' या २००२ साली निघालेल्या खेळात आहे. त्या खेळाबरोबर नवी रणांगणे रचण्याचे साधनही दिलेले होते. त्याचा उपयोग करून हौशी खेळाडूंनी २००३ मध्ये 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' नावाचे रणांगण तयार केले. पुढे याच धर्तीवर रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने २७ ऑक्टोबर २००९ रोजी 'लीग ऑफ लेजेंड्स' हा खेळ प्रसिद्ध केला. प्रस्तुत विवेचनासाठी तोच खेळ नमुना म्हणून घेतला आहे.

चौकोनी रणांगणाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एका संघाचे ठाणे असते आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याचे. दोन्ही ठाण्यांना जोडणारे तीन मार्ग असतात : एक वरच्या कडेने, एक मधून आणि एक खालच्या कडेने. या मार्गांवर बुरूज उभे असतात आणि दोन्ही बाजूंचे यंत्रचलित सैनिक ठरावीक अंतराने तुकड्यातुकड्यांनी चालत येऊन एकमेकांस भिडतात. प्रत्येक खेळाडू एका वीराचे संचालन करतो. शत्रूचे सैनिक मारले की त्याला सोने मिळते व अनुभव वाढतो. सोन्याने शस्त्रे घेता येतात, अनुभवाने वीराचे बळ वाढते. शत्रूच्या ठाण्यातील मुख्य वास्तू पाडणारा संघ जिंकतो.

तीन मार्गांच्या मधल्या जागेत रान पसरलेले असते. त्या रानात प्रत्येक संघाच्या बाजूस रानटी प्राण्यांचे सहा तळ असतात. हे प्राणी कोणत्याही संघाचे नसतात आणि आपण होऊन कोणावर चालून जात नाहीत, परंतु त्यांना मारणाऱ्यास सोने व अनुभव मिळतो. दोन्ही रानांच्या मधून एक नदी वाहते आणि तिच्या पात्रात मोठे, बलाढ्य पशू वास करतात.

तीन मार्ग, पाच गडी

आता साधा हिशेब पाहू. मार्ग तीन आणि गडी पाच. एका मार्गावर दोघे उभे राहिले तर तेथे मिळणारा अनुभव दोघांत वाटला जातो आणि मारावयाचे सैनिकही तितकेच राहतात. म्हणजे खाणारी तोंडे वाढतात, पीक वाढत नाही. परंतु एक गडी रानात गेला तर तेथील पडीक उत्पन्न त्याच्या पदरी पडते आणि मार्गावरील जोडीदाराला पूर्ण वाटा मिळतो. संघाची एकूण मिळकत वाढते. जंगलर या भूमिकेचा जन्म असा अर्थशास्त्रातून झाला आहे.

ही गोष्ट आज उघड वाटली तरी प्रारंभी ती सर्वमान्य नव्हती. २०११ च्या जून महिन्यात स्वीडनमधील यंशपिंग येथे या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्या वेळी निरनिराळ्या प्रदेशांतील संघ आपले गडी निरनिराळ्या तऱ्हेने मांडीत असत. वरच्या मार्गावर एक, मधल्या मार्गावर एक, खालच्या मार्गावर दोघे आणि रानात एक, अशी युरोपीय संघांची मांडणी होती. युरोपच्या फ्नॅटिक या संघाने ती स्पर्धा जिंकली, आणि थोड्याच काळात ही मांडणी जगभर रूढ झाली. पुढे खेळाच्या रचनेनेच तिला आधार दिला. रानटी प्राण्यांस मारण्यासाठी खास साधने निघाली, आणि जंगलर हा हौसेचा प्रयोग न राहता संघाचे एक कायमचे अंग बनला.

सर्वच खेळांत असे घडले नाही, हेही नमूद केले पाहिजे. मूळ खेळाचा वारसा चालवणाऱ्या 'डोटा २' मध्ये रानातील तळ रिकामा असेल तर दर मिनिटाच्या आरंभी तो पुन्हा भरतो. नेमक्या क्षणी प्राण्यांना तळाबाहेर ओढून नेले तर तळ रिकामा समजला जातो व तेथे दुसरा कळप उभा राहतो. हे काम मार्गावरील गडी येता-जाता करू शकतो. त्यामुळे त्या खेळात रानाचा उपयोग अनेकांत वाटला गेला आणि पूर्णवेळ जंगलर ठेवण्याची पद्धत मागे पडली.

फेरी आणि छापा

जंगलरची कामे ढोबळमानाने दोन. पहिले काम फेरीचे. एका टोकाच्या तळापासून आरंभ करून एकामागून एक तळ साफ करीत दुसऱ्या टोकास पोहोचावयाचे. रिकामा झालेला तळ काही मिनिटांनी पुन्हा भरतो, म्हणून उत्तम जंगलर आपली फेरी अशी आखतो की तो तळापाशी येण्याची व तळ भरण्याची वेळ एकच यावी. शेतकऱ्याला ज्याप्रमाणे पाण्याची पाळी चुकवून चालत नाही त्याप्रमाणे जंगलरलाही ही वेळ चुकवून चालत नाही. भरलेला तळ तसाच पडून राहिला तर तितके उत्पन्न बुडाले असे समजावे.

दुसरे काम छाप्याचे. खेळाडूंच्या परिभाषेत याला 'गँक' म्हणतात. मार्गावर दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर झुंजत असता जंगलर रानातून अचानक बाहेर पडतो आणि सामना एकास एक न राहता दोनास एक होतो. शत्रू मारला गेला तर दोघांचाही लाभ होतो. मारला गेला नाही, तरी त्याला माघार घ्यावी लागते आणि तेवढ्या अवधीत त्याचे सैनिकांचे उत्पन्न बुडते.

परंतु छापा फुकट पडत नाही. तो फसला तर दोन-तीन तळ साफ करण्याइतका वेळ व्यर्थ गेलेला असतो. शिवाय जंगलर जवळ उभा असता तेथील सैनिकांपासून मिळणाऱ्या अनुभवाचा वाटा त्यालाही जातो. म्हणजे ज्याला मदत करावयाची त्याच्याच ताटातले थोडे तो नकळत खातो. म्हणून केव्हा जावे यापेक्षा केव्हा जाऊ नये हे कळणे अधिक महत्त्वाचे ठरते. शत्रू आपल्या बुरुजाच्या सावलीत उभा असेल तर जाण्यात अर्थ नसतो. तो पुढे आलेला असेल, त्याची निसटून जाण्याची युक्ती नुकतीच खर्ची पडली असेल आणि आपला गडी झडप घालण्याच्या स्थितीत असेल, तरच रानातून पाऊल बाहेर टाकावे.

न दिसणाऱ्याचा माग

रणांगणाचा बराचसा भाग धुक्याने झाकलेला असतो. संघातील वीर, सैनिक व बुरूज यांच्या दृष्टीच्या टप्प्यात जे येते तेवढेच त्या संघाला दिसते. याखेरीज 'वॉर्ड' नावाची टेहळणीची खूण जमिनीत रोवता येते आणि ती काही काळ आसपासचा प्रदेश दाखवीत राहते. मार्गावरील गडी एकमेकांस बहुतेक वेळ दिसत असतात. जंगलर मात्र बहुतेक वेळ अदृश्य असतो, आणि हेच त्याचे खरे बळ होय. तो कोठे आहे हे जोवर शत्रूस ठाऊक नाही तोवर तो तिन्ही मार्गांवर असू शकतो, आणि तिन्ही मार्गांवरील शत्रूला सावधपणे, हात आखडून खेळावे लागते. तो एका ठिकाणी प्रकट झाला की उरलेल्या दोन ठिकाणचे भय त्याच क्षणी नाहीसे होते.

यामुळे शत्रूच्या जंगलरचा ठावठिकाणा अनुमानाने काढणे हे या भूमिकेतील सर्वांत बौद्धिक काम ठरते. याचे एक उदाहरण देता येईल. अनेक वर्षे अशी प्रथा होती की पहिला तळ मारताना मार्गावरील गडी जंगलरला थोडा हातभार लावीत आणि मग आपल्या जागी जात. शत्रूची खालच्या मार्गावरील जोडी आपल्या जागी उशिरा आली, तर त्यांच्या जंगलरने खालच्या अंगाने आरंभ केला असे समजावे. खालून आरंभ करणारा फेरी संपवतो तो वर. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मिनिटाच्या सुमारास तो वरच्या मार्गाजवळ असणार, आणि तेथील आपल्या गड्याने तोवर मागे सरकले पाहिजे. शत्रूने मारलेल्या प्राण्यांची संख्या फलकावर दिसते व प्रत्येक तळाचे चार याप्रमाणे ती मोजली जाते. त्यावरून त्याने किती तळ साफ केले हेही ताडता येते. पाऊलखुणांवरून जनावराचा माग काढणाऱ्या पारध्याचे हेच तर्कशास्त्र आहे. फरक इतकाच की येथे जनावरही त्याच वेळी पारध्याचा माग काढीत असते.

नदीतील पशू

खेळ पुढे सरकतो तसे लक्ष नदीकडे वळते. तेथील ड्रॅगनास मारणाऱ्या संघास कायमचे बळ मिळते. २०१९ च्या अखेरीस झालेल्या फेरबदलानंतर चार ड्रॅगन मारणाऱ्या संघाला विशेष मोठे वरदान मिळू लागले. बॅरन नॅशर हा पशू त्याहून बलाढ्य. त्याला मारले की काही मिनिटे त्या संघाचे साधे सैनिकही प्रबळ होतात व बुरूज पाडणे सोपे जाते.

पशूवर घाव घालणारे दहा हात असले तरी फळ मिळते ते अखेरचा घाव ज्याचा असेल त्याच्याच संघाला. जंगलरजवळ 'स्माइट' नावाचा एक खास तडाखा असतो. २०२२ च्या अखेरीस रूढ झालेल्या नियमांनुसार त्याची शक्ती आरंभी ६०० आणि पुढे वाढत ९०० व १२०० अशी ठरवण्यात आली. दोन्ही जंगलर पशूजवळ उभे असतात आणि हजारोंनी मोजले जाणारे त्याचे प्राण उतरत असतात. ते नेमके तडाख्याच्या टप्प्यात आले की प्रहार करावयाचा. क्षणभर आधी केला तर पशू जगतो, क्षणभर उशीर झाला तर तो शत्रूचा होतो. चार जणांनी पाच मिनिटे केलेली मेहनत अशी एका जणाच्या अर्ध्या क्षणावर अवलंबून राहते.

यश आणि दोष

या भूमिकेतील नैपुण्याचे दोन प्रकार दिसून येतात. एक डोळ्यांत भरणारा. दक्षिण कोरियाच्या इन्सेक या जंगलरने 'ली सिन' या वीराची एक चाल प्रसिद्ध केली. शत्रूच्या पाठीमागे वॉर्ड रोवून तेथे उडी घ्यावयाची आणि लाथेच्या प्रहाराने त्याला आपल्याच साथीदारांच्या घोळक्यात भिरकावून द्यावयाचे. ही चाल आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

दुसरा प्रकार चटकन दिसत नाही. कोरियाच्याच एस. के. टेलिकॉम टी-वन या संघाचा जंगलर बेंगी याने २०१३, २०१५ व २०१६ अशी तीन जागतिक विजेतेपदे संघाबरोबर मिळवली. साथीदारांना सुरक्षित ठेवणे, शत्रूच्या वाटा आधीच रोखणे, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्या खेळीत पाहण्यासारखे फारसे काही घडत नसे, कारण वाईट घडू न देणे हेच त्याचे काम होते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क येथील उपांत्य लढतीत त्याचा संघ रॉक्स टायगर्सविरुद्ध एक-दोन असा मागे पडला असता त्याला चौथ्या डावात उतरवण्यात आले. व्यावसायिक सामन्यांत पूर्वी कधी न वापरलेली 'निडाली' ही वीरांगना घेऊन तो खेळला. संघाने तो डाव व पुढचाही डाव जिंकला आणि अंतिम फेरी गाठली.

जंगलरचे महत्त्व जाणकारांनी मान्य केले आहे. जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान २०१८ मध्ये निंग, २०१९ मध्ये तिआन आणि २०२० मध्ये कॅनियन यांना, म्हणजे लागोपाठ तीन वर्षे जंगलरलाच मिळाला.

आणि तरीही सामान्य खेळाडूंच्या दैनंदिन सामन्यांत याच गड्यावर दोषारोप होत असतात. याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. मार्गावरील प्रत्येक गड्याला आपला मार्ग तेवढा दिसतो. तेथे मदत आली नाही तर तो जंगलरचा दोष. शत्रूचा जंगलर आला तर तोही आपल्या जंगलरचाच दोष. परंतु मार्ग तीन आहेत आणि जंगलर एक. तो वर गेला की खालचे दोघे उघडे पडणार, हे अटळ आहे. जो मार्ग जिंकण्याची आशा अधिक तेथे बळ लावावे आणि दुबळ्या मार्गाला सबुरीने तग धरण्यास सांगावे, हे रणनीतीस धरूनच असते. मात्र ज्याला तग धरावयाचा असतो त्याला ती रणनीती न वाटता उपेक्षा वाटते. २०२२ च्या अखेरीस निर्मात्यांनी नवख्या जंगलरांसाठी सोबतीचे प्राणी व सुचवलेल्या फेऱ्या आणल्या. त्यामुळे तळ साफ करणे सोपे झाले. कोणाला मदत करावयाची व कोणाला नाही, हा निर्णय मात्र कोणतेही साधन त्याच्या वतीने घेऊ शकत नाही.

२०२३ साली चीनमधील हांगझो येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला पदकाचा दर्जा मिळाला आणि भारताचा संघही त्यात उतरला होता. प्रेक्षागारातून असा सामना प्रथमच पाहणाऱ्याची नजर साहजिकच जेथे शस्त्रे चमकतात तेथे जाते. त्याने थोडा वेळ रानाकडे पाहावे. तेथे एक गडी एकटाच फिरत असतो. चौघांच्या गरजा मोजून त्यांपैकी एकाकडे तो वळतो, आणि उरलेल्या तिघांच्या नाराजीचा भार मनावर घेऊन पुढचा तळ गाठतो. मर्यादित साधने अनेकांत वाटण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते त्या कोणाही माणसाला ही स्थिती अपरिचित वाटणार नाही.