ऑनलाइन खेळात अडथळा : राउटर बदलण्यापूर्वी पत्ता तपासा

ऑनलाइन खेळताना मित्रांच्या गटात सामील होता न येणे, त्यांचा आवाज ऐकू न येणे अशा तक्रारींचे मूळ अनेकदा इंटरनेटच्या वेगात नसून पत्त्यांच्या व्यवस्थेत असते. त्यामुळे महागडा राउटर घेऊनही अडचण कायम राहू शकते.

घरातील सर्व उपकरणांसाठी राउटर बाहेर एकच पत्ता वापरतो. या रूपांतरास ‘नॅट’ म्हणतात. बाहेरून आपणहून आलेली माहिती कोणत्या उपकरणाची, हे ठाऊक नसल्याने राउटर ती अडवतो. खेळाडूंची उपकरणे परस्परांशी थेट जोडणाऱ्या खेळांत यामुळे खोळंबा होतो. एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ किंवा प्लेस्टेशनवर ‘टाइप ३’ असे दिसल्यास दोष येथेच असण्याची शक्यता अधिक असते.

प्रथम काय पाहावे?

राउटरच्या माहितीपानावर ‘वॅन’ पत्ता दिलेला असतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असल्यास बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक काम करीत असतात. अशा वेळी आपला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ पद्धतीवर ठेवावा.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असल्यास सेवा पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देत आहे, असे समजावे. आयपीव्ही४ पद्धतीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते आहेत. त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि २०१२ मध्ये ही मालिका अशा वाटपासाठी राखून ठेवण्यात आली. येथे घरच्या राउटरमधील पोर्ट उघडून उपयोग होत नाही. पुरवठादाराकडे सार्वजनिक पत्ता मागणे, अथवा खेळ व उपकरण यांना चालत असल्यास आयपीव्ही६ सुरू करणे, हेच मार्ग उरतात.

पत्ता सार्वजनिक असल्यास

राउटरमधील ‘यूपीएनपी’ सुविधा सुरू करून राउटर व कन्सोल पुन्हा चालू करावेत. तेवढ्याने न भागल्यास कन्सोलला कायमचा स्थानिक पत्ता देऊन आवश्यक पोर्ट त्याकडे वळवावा. एक्सबॉक्ससाठी तो ३०७४ आहे.

सावधगिरी

अनेक जण घाईने संगणक ‘डीएमझेड’मध्ये ठेवतात. तसे केल्यास राउटरचे संरक्षण जाऊन तो संगणक बाहेरच्या हल्ल्यांना उघडा पडतो. ‘यूपीएनपी’मुळेही घरातील कोणताही प्रोग्राम न विचारता पोर्ट उघडू शकतो. म्हणून राउटरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवावे आणि गरज संपताच ही सुविधा बंद करावी.